तीनच्या फळीवरची निळी बॅग

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा लिहायला बसले आणि दोनदा पुसून टाकलं. कारण लिहायचं म्हटलं की माझी चूक लिहावी लागते, आणि ती छोटी नाहीये. माझ्यामुळे एक सत्तर वर्षांची बाई भरतीच्या पाण्यात बेटाच्या मागे अडकली होती. आजपर्यंत सगळ्यांना वाटतं की ते आत्याच्या चुकीमुळे झालं.

पण सुट्टी जवळ आली की कॉलेजच्या ग्रुपवर तेच सुरू होतं. "अगं तुझी आत्या तिकडेच असते ना, बेटावर जायचंय, काय काय न्यायचं सांग ना." मागच्या वर्षी मी पटकन दहा टिपा टाईप करून टाकल्या होत्या आणि सगळ्यांनी हृदयं पाठवली होती. त्यातली एकही टीप माझी नव्हती. सगळ्या आत्याच्या. म्हणून या वेळी नीट सांगते, टिपा पण आणि आत्या पण.

धक्क्यावर तिकीट खिडकीच्या शेजारी सामान ठेवायची खोली आहे. बेटावर मोठी बॅग घेऊन जाणं म्हणजे स्वतःचे हाल, कारण लाँचमधून उतरल्यावर अर्धा तास वाळूतून चालायचं असतं आणि वाळूत बॅगेची चाकं फक्त शोभेला. म्हणून लोक मोठं सामान इथे ठेवतात आणि छोटी पिशवी घेऊन जातात. ही खोली गेली अठ्ठावीस वर्षं माझी आत्या सांभाळते. तीन भिंतींना लोखंडी फळ्या, समोर वर उचलायचं फळकूट, त्यामागे एक स्टूल, एक टेबल फॅन जो फक्त डावीकडे बघतो, आणि खिळ्याला लोकांनी विसरलेल्या टोप्या. बिस्किटाच्या डब्यात बिस्किटं नाहीत, सेफ्टी पिना, सुया, दोरा, उलटीच्या गोळ्या, मलम आणि रबरं आहेत. खिडकीत एक पाटी टांगलेली, तिच्यावर खडूने आज पाणी कधी चढणार आणि कधी उतरणार ते.

आत्या नुसती बॅग ठेवून घेत नाही. ती बॅग उघडायला लावते!

"उघडा."

"अहो पण लॉक आहे."

"मग किल्ली काढा. ही जीन्स कशाला?"

"घालायला."

"एकदा भिजली की दोन दिवस वाळत नाही हो. ओली जीन्स अंगावर घेऊन फिरणार का? ठेवा इथे. सुती काही आहे का? आणि हे बूट नवे दिसतायत."

"हो, खास बेटासाठी घेतले."

"बेटाला काय कौतुक तुमच्या बुटांचं! खडकावर पाय घासला की कळेल. जुनी सँडल काढा, मागे पट्टा असलेली."

असं. निम्मी बॅग तिथेच राहते आणि माणूस हलका होऊन लाँचमध्ये चढतो. काही लोक चिडतात. एकदा एक साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही सामान ठेवता की झडती घेता?" तर आत्या म्हणाली, "ठेवतेच. पण परत आल्यावर तुम्ही ज्या शिव्या देणार ना, त्या आत्ताच वाचवते." संध्याकाळी तेच साहेब भाजलेली मान घेऊन आले, आणि तिने डब्यातून मलम काढून दिलं. एक शब्द बोलली नाही. म्हणजे बोलली, पण नंतर, मला.

तर ऐका. लाँचमध्ये मागे बसायचं, पुढे हेलकावे जास्त. मोबाईलमध्ये बघायचं नाही, लांब पाण्याची रेघ दिसते तिकडे बघायचं. उपाशी चढायचं नाही आणि पोट फुगेपर्यंत खाऊनही नाही, दोन कोरडी बिस्किटं बास. ऊन लागतं ते मानेच्या मागे आणि पायाच्या वरच्या बाजूला, आणि तिथेच कोणी क्रीम लावत नाही. पाण्यात जाताना अंगात शर्ट ठेवायचा, लाज गेली खड्ड्यात. नारळाच्या झाडाखाली बसायचं नाही, नारळ वर बघून पडत नाही. औषधं छोट्या पिशवीत, हाताशी. मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर. दुपारी बेटावर वीज जाते, तेव्हा बॅटरी जपायची. शिंपला उचलला आणि आतून कोणी बघत असेल तर सॉरी म्हणून परत ठेवायचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. बेटावरून परत यायला चार लाँच असतात, अकराची, एकची, तीनची आणि शेवटची साडेचारची. आत्या प्रत्येकाला सांगते, "शेवटची धरू नका. तीनची धरा. बेरजेत कसा एक हातचा ठेवतो, तशी शेवटची हातची ठेवायची."

मागच्या सुट्टीत मी आत्याकडे दोन आठवडे राहिले होते. तिचा गुडघा दुखत होता म्हणून मदतीला. मदत म्हणजे काय, बाबांनी पाठवलं आणि मला समुद्र हवा होता. पहिल्याच दिवशी मी घाईघाईत दोन पावत्यांची अदलाबदल केली आणि एका काकांना कुठल्यातरी बाईंची साड्यांची बॅग दिली. तेव्हापासून आत्या मला घाईबाई म्हणायला लागली. लाँच चालवणारे काका, ज्यांना सगळे कप्तान म्हणतात, त्यांनीही ते लगेच उचललं. "काय घाईबाई, आज कोणाला कोणाची बॅग?"

त्या दिवशी सकाळी नऊच्या लाँचला एक आजी आल्या. एकट्या. बारीक अंग, चष्म्याला दोरी, हातात मोठी निळी बॅग. आत्याने उघडायला लावली तर वरच ही भलीमोठी कात्री!

"ताई, कात्री कशाला समुद्रावर?"

"सवय हो. चाळीस वर्षं शिवणकाम केलं. कात्री नसली की हात रिकामा वाटतो."

मग कळलं. बेटावरच्या गेस्ट हाऊसचे सगळे पडदे या आजींनी शिवलेले. वीस वर्षं. मापं कागदावर यायची, गठ्ठा तयार झाला की लाँचने जायचा, आणि आजी तिकडे घरी. आपले पडदे लागल्यावर कसे दिसतात ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मुलगा म्हणाला फोटो मागवतो, तर त्या म्हणाल्या फोटोत पडदा हलत नाही.

आत्याने स्वतःच्या हाताने कात्री परत बॅगेत सारली. मग म्हणाली, "कात्री ठेवा इथे. मी आहे. आणि परत कधीची? तीनच्या लाँचने या. मागच्या किनाऱ्यावर गेलात तर वाटेत एक काळा दगड लागतो, तो भिजायला लागला की उठायचं. त्याच्यापुढे वाट राहत नाही, पाणी भरतं."

"तीनची," आजी म्हणाल्या. "लक्षात ठेवीन."

आत्याने निळी बॅग उचलली आणि उजव्या भिंतीच्या मधल्या फळीवर ठेवली. मी पाहिलं. पण मला वाटलं, जिथे जागा दिसली तिथे ठेवली.

दुपारी आत्याला गुडघा दाखवायला दवाखान्यात जायचं होतं. जाताना म्हणाली, "कोणी आलं तर पावती बघ, बॅग दे. बाकी कशाला हात लावू नकोस."

"हो गं."

"हो गं नाही. हात लावू नकोस."

ती गेली आणि मी खोलीकडे बघितलं. एकशे चार नंबर एकोणीसच्या शेजारी. लाल, काळ्या, लहान, मोठ्या, सगळा खिचडा. पावतीवर नंबर असतो आणि बॅगला अर्धी पावती बांधलेली असते, मग नंबरप्रमाणे का लावत नाही? एक बॅग शोधायला आत्या अख्खी खोली फिरते आणि मग म्हणते गुडघा दुखतो. मला इतकं प्रेम आलं ना तिचं! खरंच सांगते, प्रेमानेच केलं. दीड तास लागला. घामाने भिजले. एक, दोन, तीन, चार असं ओळीने लावलं, हँडलं एका दिशेला. फोटो काढून बाबांना पाठवला. बाबांनी अंगठा पाठवला.

तीनची लाँच इकडे तीन पस्तीसला लागली. लोक आले, मी टपाटप बॅगा दिल्या, एका मिनिटात एक. कप्तान पण म्हणाले, "अरे वा, घाईबाई कामाला लागली." मी हवेत.

तेवढ्यात आत्या बसमधून उतरून लंगडत आली. फळकूट उचललं. आत पाऊल टाकलं आणि थांबली.

"तीनची फळी कुठाय?"

"कुठली?"

"अगं, तीनची. मधली. उजवीकडची."

"मी नंबरप्रमाणे लावलं, बघ ना किती..."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हातातली पिशवी स्टुलावर ठेवली आणि हळू आवाजात सांगितलं. डावीकडे वरची फळी अकराची. त्याखाली एकची. उजवीकडे मधली तीनची, खालची शेवटच्या लाँचची. मागची भिंत मुक्कामाला राहणाऱ्यांची. बॅग ठेवताना ती म्हणूनच विचारते, परत कधीची? लाँच येते, फळी रिकामी होते. नाही झाली, तर एक माणूस पलीकडे राहिलं. वही नाही, काही नाही. फळीकडे एकदा बघायचं. अठ्ठावीस वर्षं.

मी म्हटलं, "तू कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

बाहेर कप्तान शेवटच्या फेरीला दोर सोडत होते. आत्या खिडकीतून म्हणाली, "कप्तान, थांबा जरा."

"ताई, उशीर होईल हो."

"होऊ दे. कोणीतरी राहिलंय का ते बघते."

ते थांबले. दोर हातात धरून, काही न विचारता. मला आता कळतं की तो माणूस किती मोठा आहे.

फळ्यांवर पंचवीसेक बॅगा होत्या. आत्या एकेकीवर हात ठेवत गेली. तिला नंबर आठवत नव्हते. तिला आठवत होतं, कोणाला ती काय म्हणाली.

"ही नव्या जोडप्याची. नारळाखाली बसू नका म्हटलं तर एकमेकांकडे बघून हसत होते. मुक्कामी. ही जीन्सवाला. शेवटची, ऐकत नव्हता. हा पण त्याच्या बरोबरचा. ही चार पोरांची आई, क्रीम विसरली होती, शेवटची. ही पोहायला येत नाही म्हणाला तो, मुक्कामी."

मी मागे उभी. फॅन डावीकडे बघत होता.

मग तिचा हात निळ्या बॅगेवर आला आणि तिथेच राहिला.

"कात्री," ती म्हणाली. "तीनची."

"कदाचित शेवटच्या लाँचने येतील," मी म्हटलं.

"नाही. त्या बाईने लक्षात ठेवीन म्हटलं होतं. मापात चाळीस वर्षं काढलेली बाई आहे ती."

तिने गेस्ट हाऊसला फोन लावला. ते म्हणाले, आजी आल्या, सगळ्या खोल्या हिंडल्या, प्रत्येक पडद्याला हात लावला, चहा घेतला, आणि एक वाजता मागच्या किनाऱ्याकडे गेल्या. परत कधी आल्या? इकडून नाही आल्या. आम्हाला वाटलं परस्पर लाँचवर गेल्या.

पाटीवर खडूने लिहिलेलं होतं. बारापासून पाणी चढणार, सहाला पूर्ण. मागचा किनारा म्हणजे खडकाच्या पायथ्याशी वाळूची एक पट्टी. पूर्ण भरतीला ती राहतच नाही.

आत्या फोनवर म्हणाली, "तुमची वल्ह्याची होडी काढा. मागून जा. आत्ता." मग माझ्याकडे वळली. मला वाटलं आता बोलणार. ती म्हणाली, "तू लाँचमध्ये बस. कप्तान मागून वळसा घेतील. तू बघून ये."

"मी?"

"हो, तूच. माझा गुडघा नाही चढणार. आणि खिळ्यावरची चादर घे, वारा असेल."

मी मागे बसले. लांबच्या रेघेकडे बघत राहिले. टिपा आठवत होत्या म्हणून नाही, तर दुसरीकडे कुठे बघायची हिंमत नव्हती म्हणून. कप्तानांनी एकदाच विचारलं, "कसं काय निसटलं ताईंच्या नजरेतून? आजवर कधी नाही झालं." मी इंजिनच्या आवाजात ऐकू न आल्यासारखं केलं.

बेटाला वळसा घातला आणि आधी पडदे दिसले. उंचावर गेस्ट हाऊसची लांब माडी, बारा खिडक्या, सगळ्या उघड्या, आणि वाऱ्याने बाराही पडदे बाहेर आलेले. पांढरे, निळ्या पट्ट्यांचे. मग खाली खडक. वाळू फार उरली नव्हती, एखाद्या खोलीएवढी असेल. आणि त्या खडकाच्या वरच्या पायरीवर आजी बसलेल्या, सँडल मांडीत, पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला, मान वर करून पडदे बघत.

लाँच तिथे जाऊ शकत नाही. गेस्ट हाऊसची छोटी होडी गेली, दोन माणसांनी पाण्यात उतरून आजींना उचलून होडीत बसवलं, आणि होडीतून आमच्याकडे. मी चादर गुंडाळली. चादरीचं टोक दोनदा निसटलं, तेव्हा त्यांनीच माझा हात धरला.

"घाबरलीस होय गं?"

"तुम्ही नाही घाबरलात?"

"पाणी जवळ आलं तेव्हा जरा घाबरले. पण तुझ्या आत्याने विचारलं होतं ना, परत कधीची? असं विचारणारी बाई वाट बघत असते. म्हटलं, तीन वाजले की कळेल तिला." मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "जरा उशीर केलात मात्र."

मला रडू आलं. तिथेच, कप्तानांसमोर, मुक्कामाला निघालेल्या सगळ्या प्रवाशांसमोर. आजींना वाटलं त्यांच्या काळजीने. त्या माझी पाठ थोपटत राहिल्या.

"सांगितलं होतं तिने, काळा दगड भिजला की उठा म्हणून," त्या म्हणाल्या. "पण दगडाकडे पाठ करून बसले मी. पडदे दिसत होते ना. चौथ्या खिडकीचा जरा आखूड झालाय. दोन बोटं. वीस वर्षांत कोणी सांगितलं नाही मेल्यांनी!"

शेवटची लाँच वेळेपेक्षा थोडी उशिरा सुटली आणि सगळे परत आले. धक्क्यावर आत्या खोलीबाहेर उभी होती, दुखऱ्या पायावर. तिने आजींना स्टुलावर बसवलं, थर्मासमधला चहा दिला, आणि निळी बॅग समोर ठेवून कात्री वर काढून दाखवली. "मोजून घ्या." दोघी हसल्या.

मग धक्क्याच्या ऑफिसातले साहेब आले, काय झालं, कसं झालं. कप्तानही उभे. मी तोंड उघडणार होते, शपथ. पण आत्या आधी बोलली. "मी खोली सोडून गेले होते. चूक माझी."

आणि मी गप्प बसले.

घरी जाताना मी विचारलं, का असं बोललीस? तर म्हणते, "तू काही दिवसांनी जाणार. मला काय, अठ्ठावीस वर्षांत एक चूक खपते." वर आणि, "पोटात ठेव आणि शिक." मी पोटात ठेवलं. वर्षभर. पण आत्ता मागच्या महिन्यात बाबांनी सहज सांगितलं की या हंगामानंतर आत्या थांबतेय. गुडघा ऐकत नाही. तिच्या जागी भिंतीला किल्लीच्या लोखंडी पेट्या येणार, पेटीत बॅग टाका, किल्ली घ्या, जा. आणि ऑफिसच्या कागदावर तिच्या नावापुढे अठ्ठावीस वर्षांत एकच शेरा आहे. तो माझा आहे.

मी परवा साहेबांना फोन केला आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, लेखी द्या. लेखी दिलं. ते शेरा काढणार की नाही माहीत नाही. आत्याला कळलं तर तिने मला फोनवर अशी फैलावर घेतली की विचारू नका. "कोणी सांगितला होता शहाणपणा? घाईबाई ती घाईबाईच!" मग जरा थांबून म्हणाली, "जेवलीस का?"

आजी दर दोन-तीन महिन्यांनी जातात म्हणे. चौथ्या खिडकीचा पडदा नवा शिवून दिलाय. जाताना निळी बॅग तिथेच ठेवतात, मधल्या फळीवर, रिकामी असली तरी.

तर माझ्या ग्रुपवाल्यांनो, टिपा वर आहेत, शोधून घ्या. पण नुसत्या टिपा वाचून थेट लाँचमध्ये चढू नका. पुढचा महिना संपायच्या आत जा, आधी त्या खोलीत जा, बॅग उघडायला लावली तर उघडा, जीन्सवरून बोलणी खा. ती विचारेल, परत कधीची? खरं खरं सांगा. आणि त्याच लाँचने परत येऊन तिला भेटा. पेट्या लागायच्या आत, प्लीज.